बांधी नंबर दोन

सालेकसाजवळच्या डिंपलने बारावीच्या वर्षी बापाकडून बांधांनी वेढलेल्या धानाच्या दोन बांध्या मागून घेतल्या. पहिलीत किडीवर उपाय म्हणून मोहाचं तेल काढून उरलेली ढेप टाकायची, दुसरीत काहीच नाही, आणि दर रविवारी दोन्हींतले गादमाशीने पोकळ केलेले धानाचे कोंब, म्हणजे पोंगे, मोजायचे. केवलरामने बांध्या दिल्या, पण तोंड कडू करून. किडा धान खातोय आणि आपण नुसतं मोजत बसायचं, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. शेवटी दोन्ही बांध्यांचे आकडे सारखेच आले. ढेपेने फरक पडत नाही, असं डिंपलने वहीत लाल शाईने लिहून टाकलं.

माघात केवलराम छातीत कळ येऊन गेला. त्याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती, तरुणपणी कुऱ्हाडीने गेलेली. घरापुढच्या छपरीच्या सारवणात उमटलेला त्याचा चार बोटांचा ठसा डिंपलची आई जमुनाबाई पुसू देत नव्हती. सारवताना त्याच्या भोवतीने हात फिरवायची. तिथून जाताना डिंपलच्या अंगावर काटा यायचा. वाटायचं, दुसरं पाऊल आता घरात पडेल.

जूनमध्ये पुण्याच्या कॉलेजचा अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता, केलेल्या पण न छापलेल्या संशोधनाचा. मार्क जेमतेम, निवड व्हायची तर या रकान्यावरच. शाळेतले भूपेंद्र सर म्हणाले, “लिवून टाक बिनधास्त. तुया बांधीत कोण पाहाले येऊन राहिला?”

दुपारी छपरीत बसून तिने आईला निष्कर्ष वाचून दाखवला. तांदूळ निवडता निवडता जमुनाबाईचे हात थांबले.

“फरक कसा पडन वं? त्या दुसऱ्या बांधीतबी तुया बाबानं ढेप टाकली होती.”

“काऊन?”

“धान मरून राहिला, पाहवत नाही म्हणे. पोरीले सांगू नोको म्हणे, रागावन.”

डिंपलने वही मागे उलटली. शेऱ्यात तिचंच अक्षर होतं: ‘बांधावर ओले ठसे, चार बोटांचे. बाबा पाणी पाहायला आले असतील.’ पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. बाप वहीभर चालत होता आणि तिने पोंगे तेवढे मोजले होते. तिला त्याचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मग रडूच फुटलं.

लाल शाईचं वाक्य तसंच उतरवलं असतं तर पुण्यात कुणाला कळणार होतं? पण ठसा समोरच होता. तिने लिहिलं: ‘मोहाची ढेप आणि गादमाशी. अप्रकाशित. निष्कर्ष चुकीचा. दुसऱ्या बांधीतही शेतकऱ्याने ढेप टाकली होती. यंदा प्रयोग पुन्हा करणार आहे.’ खाली सहकाऱ्याच्या नावाची चौकट होती. तिथे तिने केवलरामचं नाव घातलं.

मग ठशाजवळ उकिडवी बसून म्हणाली, “यंदा त्या बांधीत काही टाकू नोको, बाबा.”

 जमुनाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.