काळ्याची ओवी

जुन्या मराठी काव्यावर एकट्याच्या बळावर खटला भरणारा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि ते माझे मामा. खटला कुत्र्याच्या वतीने. उंद्रीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर लोक शेत बघतात, नातवंडं खेळवतात. मामांनी पोथ्या काढल्या आणि जिथे कुत्रा दिसला तिथे पेन्सिलीने फुली मारली. लोभी मन म्हणजे कुत्रं, वासना म्हणजे कुत्रं, हाड् म्हटलं तरी पुन्हा दारात येणारा संसारी माणूस, तोही कुत्रंच. मी भेटायला गेलो की चहाच्या आधी नवी फुली दाखवायचे. "पाह्य बे, त्या कवीचं घर कोनं राखलं असन? कुत्र्यानंच ना? अन् नावं ठेवाले बी तोच सापडला. मांजर आयतं दूध पेते, तिले कोनी काही म्हनत नाई." पायाशी त्यांचा काळ्या, पक्षकाराला शोभेल अशा गांभीर्याने ऐकत असायचा.

इथवर ठीक होतं. पण चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान मामांचा, आणि मामी गेल्यापासून त्या पाटाखेरीज त्यांना दुसरा संसार नव्हता. काळ्या रोज उंबऱ्याशी बसायचा. एका वर्षी कुत्र्याची ओवी आली, मामांनी काळ्याकडे पाहिलं आणि ती गाळून सरळ पुढची वाचली. त्यांना वाटलं, कोणाला कळतंय! पण समोर शेजारच्या सुभद्राकाकू होत्या. त्यांना अक्षरओळख नाही, पोथी मात्र तोंडपाठ. "मास्तर, ओवी गाळली तुमी. पारायन खंडित झालं." मंडळींत कुजबुज झाली. पुढच्या वर्षी वाचायला दुसरा माणूस बघू, असंही कोणी म्हणालं. मामांनी मान खाली घातली. "त्याच्यासमोर मले नाई वाचवत," म्हणाले. हसावं की रागवावं, कोणाला कळेना.

शेवटी काकूच उठल्या. "तुमी वाचा. तवरोक मी त्याले मांगं नेऊन भाकर चारीन." तेव्हापासून तो प्रघातच पडला. ओवी जवळ आली की काकू भाकर घेऊन उठायच्या, काळ्या त्यांच्या मागोमाग, आणि मामा चोरासारखे भरभर ओवी उरकायचे. दोनेक वर्षांत काळ्या आधीची ओवी ऐकूनच उभा राहू लागला. अख्ख्या देवळात त्या ओवीची वाट पाहणारा तो एकटाच. "त्याले वाटते, यात त्याची स्तुती हाये," मामा म्हणायचे.

यंदा उन्हाळ्यात काळ्या गेला. म्हातारा झाला होता. मी मुद्दाम त्या अध्यायाच्या दिवशी गेलो. मला मामांची काळजी वाटत होती. आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला होता. आधीची ओवी संपली आणि सवयीने काकू भाकर घेऊन उठल्या. दाराशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हातात भाकर, तशाच उभ्या राहिल्या.

मामा पोथीवर बोट ठेवून थांबले होते.

"तिथंच ठेवा, सुभद्राबाई. त्याच्या जाग्यावर."

काकू भाकर ठेवून येऊन बसल्या. मग मामांनी ती ओवी वाचली, पहिल्यांदाच सावकाश.