नात्यात नसलेलं गिऱ्हाईक

आमच्या विद्यापीठाच्या नवउद्योग केंद्राचं नाव मोठं आणि दार छोटं. पूर्वी तिथे वसतिगृहाच्या गाद्या ठेवत. आता विद्यार्थी शोध लावतात, निदान लावायचा प्रयत्न करतात, आणि सेरेमाया त्यांना ड्रिल, करवत, चहा आणि धीर पुरवतो. पगार मात्र त्याला फक्त ड्रिल आणि करवतीचाच मिळतो.

वय अठ्ठावन्न, अंगापिंडानं नारळाच्या झाडासारखा, फक्त जाडीला दोन झाडं. गाऊ बेटावरून सुतारकाम शिकायला राजधानीत, सुवाला आला तो इथलाच झाला. बावीस वर्षं रग्बीच्या संघात राखीव होता. त्या बावीस वर्षांत एकदाच मैदानात उतरला, तोही दुसऱ्याचे बूट पोचवायला.

मी लंबासाचा, उसाच्या मळ्याशेजारच्या शाळेत शिकलेला. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "गाव कुठलं रे?"

"लंबासा."

"आजोबा काय करायचे?"

"साखर कारखान्यात होते."

"माझ्या आईचा भाऊ होता त्या कारखान्यात. दोघं एका बाकावर जेवले असणार. मग तू माझा तवाले."

तवाले म्हणजे आते-मामे भाऊ. हे नातं लागलं की अहो-जाहो बंद आणि एकमेकांची टिंगल सक्तीची. तेव्हा मी पुढे जे लिहितोय ते केवळ कर्तव्य म्हणून.

केंद्रातल्या प्रत्येक शोधाचा पहिला बळी सेरेमाया. सौरऊर्जेच्या टोपीनं त्याची डावी भुवई नेली, ती अजून परतलेली नाही. आणि कल्पना कसलीही असो, तो एकच शब्द बोलतो: "होईल." एका पोराला वादळात उडालेलं छप्पर परत ओढून आणणारी दोरी बनवायची होती. "होईल," सेरेमाया म्हणाला. "शेजाऱ्याचं छप्पर आलं तर परत द्यायचं का, तेवढं ठरव."

मग एका सोमवारी डॉक्टर लेसिएली आल्या. त्या टोंगाच्या, केंद्राचा कारभार त्यांच्याकडे आहे. त्यांनी खोलीकडे पाहिलं, सेरेमायाच्या भुवईकडे पाहिलं आणि खुर्ची पुसून बसल्या.

"सहा वर्षांत इथला एकही धंदा टिकला नाही," त्या म्हणाल्या. "सगळा माल नातेवाइकांकडे जातो. ते मागतात, तुम्ही देता. याला धंदा म्हणत नाहीत, आहेर म्हणतात. शुक्रवारी बारापर्यंत एक वस्तू परक्या माणसाला विकून दाखवा. विकणाऱ्याच्याही नात्यातला नको आणि केंद्रातल्या कुणाच्याही नको. तसं त्यानं सही करून द्यायचं. नाहीतर ही खोली गाड्या लावायला जाईल."

"आणि मी?" सेरेमायानं विचारलं.

"तुम्ही त्या गाड्यांवर लक्ष ठेवाल."

विकण्याजोगी वस्तू तेव्हा एकच होती: तराइविनीची घडीची खवणी. तराइविनी दुसऱ्या वर्षाला, ओवालाऊ बेटावरची, बोलायला तिखट. नारळ खवायला बाकावर पाय फाकून बसायचं, हे तिला वसतिगृहात जमेना. म्हणून तिनं टेबलाला आवळता येणारी, घडी करून दप्तरात मावणारी खवणी केली. किंमत पंचवीस डॉलर. सेरेमायाला ती मोमो, म्हणजे मामा, म्हणायची.

त्याच दुपारी आम्ही तिघांनी फाटकाशी टेबल मांडलं. पहिली आली एक नर्स. खवणी उलटसुलट बघितली, पर्स उघडली, आणि सेरेमायाच्या तोंडून निघून गेलं, "गाव कुठलं, ताई?"

चार मिनिटांत ती तराइविनीच्या आजीच्या धाकट्या जावेची भाची निघाली. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. पर्स बंद झाली, खवणी नर्सबरोबर गेली.

"मोमो, विचारायचं कशाला?" तराइविनी डोळे पुसत म्हणाली.

"अगं, माणूस समोर उभा आहे आणि गाव विचारायचं नाही? आपण काय जनावरं आहोत?"

मंगळवारी एक पोलीस. तो सेरेमायाच्या साडूचा व्याही निघाला. खवणी तर नेलीच, वर माझी छत्रीही नेली. बुधवारी बाजारातला चिनी दुकानदार आला. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण त्याची बायको निघाली सेरेमायाच्याच गाऊ बेटाची, आणि तीही खवणी गेली.

"आता काय करायचं?" मी म्हणालो. "दुसऱ्या देशातून माणूस आणायचा?"

"होईल," सेरेमाया म्हणाला आणि गुरुवारी आम्हाला बंदरावर घेऊन गेला. तिथे मोठ्या जहाजातून एक गोरा उतरला, उन्हानं खेकड्यासारखा लाल झालेला. याच्याशी नातं निघणं शक्यच नव्हतं. तराइविनीनं त्याच्या हातात खवणी दिली, त्यानं पाकीट काढलं.

"गाव कुठलं, साहेब?"

मी कपाळाला हात लावला.

"बंडाबर्ग," गोरा म्हणाला. "ऑस्ट्रेलिया. माझी टोमॅटोची शेती आहे."

"बंडाबर्गला? टोमॅटोची? माझा पुतण्या तिकडेच टोमॅटो तोडायला गेलाय. उंच आहे, गातो बेसूर."

"जोसेवा? तो माझ्याच मळ्यात आहे."

"तुम्ही त्याला जेवू घालता?"

"हो, दुपारचं."

झालं. जो आपल्या पोराला जेवू घालतो तो आपला भाऊ. गोऱ्याला खवणी मिळाली, वर भेट म्हणून चटई मिळाली आणि रविवारच्या जेवणाचं आमंत्रण मिळालं. जाताना तोही जरा रडला.

परतीच्या बसमध्ये तराइविनीनं उरलेला माल मोजला. बस थांबल्यावर ती म्हणाली: "एकच खवणी उरलीय. उद्या तुम्ही तोंड उघडलंत, मोमो, तर मी तुमच्या गाड्यांवर येऊन थुंकेन."

शुक्रवारी सेरेमायानं स्वतःच उपाय काढला. उकडलेल्या तवियोकाचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, मुठीएवढा तुकडा तोंडात कोंबला आणि टेबलाच्या टोकाला बसला. तुकडा संपत आला की दुसरा. दहा वाजले, अकरा वाजले. पाचवा तुकडा चालू असताना एक सडसडीत माणूस आला, काखेत फाईल. खवणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"माझ्या बायकोचे गुडघे गेलेत," तो म्हणाला. "ही चालेल तिला. किती?"

"पंचवीस."

त्यानं पैसे मोजून ठेवले. 'नात्यातला नाही' या कागदावर नेमानी असं नाव लिहून सहीला पेन टेकवलं. तेवढ्यात माझं लक्ष सेरेमायाकडे गेलं. तो चावायचा थांबला होता. घामाच्या धारा लागल्या होत्या. डोळे त्या माणसाच्या उजव्या कानावर खिळलेले. कानाची वरची कड आत दुमडलेली, पुरीच्या काठासारखी.

"यांना बरं नाही का?" नेमानीनं विचारलं.

"बोलत नाहीत ते," तराइविनी म्हणाली. "जन्मापासून."

"बिचारे." त्यानं सेरेमायाच्या खांद्यावर थोपटलं, सही केली आणि खवणी घेऊन गेला.

बाराला दहा कमी असताना डॉक्टर लेसिएली शिक्का घेऊन आल्या. कागद वाचला, शिक्का शाईत बुडवला. सेरेमायानं घास गिळला. तो आवाज मला अजून आठवतो.

"तो माझा तवाले आहे," तो म्हणाला. "आईच्या चुलतभावाचा मुलगा. चाळीस वर्षांत पाहिला नव्हता, पण तो कान आमच्या आजोळचाच. त्याला माहीत नव्हतं. मला होतं."

तराइविनीनं डोकं टेबलावर टेकलं. शिक्का हवेतच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही गप्प बसलात?" डॉक्टर लेसिएलींनी विचारलं.

"हो."

"आणि पैसे घेऊ दिलेत? पूर्ण?"

"पूर्ण," तो मान खाली घालून म्हणाला. "पाच डॉलरसुद्धा कमी करू दिले नाहीत."

त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला. "माझ्या भावाचं टोंगात दुकान आहे," त्या म्हणाल्या. "होतं. तिसरा आठवडा नातेवाइकांनी पुरता होऊ दिला नाही. परक्याला माल कुणीही विकेल, सेरेमाया. आपल्या माणसाला पूर्ण किमतीत विकताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही." त्यांनी कागदावरची 'नात्यातला नाही' ही ओळ खोडली, शेजारी 'नात्यातला, तरी पूर्ण किंमत' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

खोली वाचली. सेरेमायाची झोप मात्र वाचली नाही. भावाकडून पैसे घेतले, तेही मुका बनून, हे त्याला पचेना. तवियोका पचला तरी. रविवारी गोऱ्याला जेवू घालून झाल्यावर तो यंगोनाच्या, म्हणजे इथे मान म्हणून देतात त्या पेयाच्या, मुळांची जुडी घेऊन माफी मागायला नेमानीच्या घरी निघाला, आणि साक्षीला मला ओढलं.

नेमानीनं सगळं ऐकून घेतलं, जुडी स्वीकारली, रिवाजाप्रमाणे तीनदा टाळ्या वाजवून माफही केलं. मग म्हणाला, "मला शंका होतीच. ते चावणं आमच्या घराण्याबाहेरचं नाही."

"खवणी चालते ना?" सेरेमायानं विचारलं.

"काय माहीत. काल मेव्हणी आली होती, तिनं मागितली. दिली." नेमानीनं एक उसासा टाकला. "उद्या दुसरी घ्यायला येतो. पण कृपा कर, भाऊ, मला परक्यासारखाच वागव. किंमत पूर्ण लाव आणि पावती दे. ती दाखवली तर मेव्हणी निदान आठवडाभर तरी मागायला लाजेल."