पांढऱ्या कापडावरचं बोट

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी चार वाजता कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावातल्या एका घरात क्रिकेटच्या दोन कार्डांची अदलाबदल ठरली होती. ती झाली नाही. त्याला एक कारण माझ्या आईने मिरजेत लावलेलं कुंकवाचं बोट. दुसरं, आदल्या दिवशी संध्याकाळी दोह्याच्या नजमा भागात मी न बोललेलं एक वाक्य.

कार्डं कसली, ते आधी सांगतो. खेळायच्या पत्त्याच्या आकाराचा जाड पुठ्ठा, त्यावर खेळाडूचं छायाचित्र, आणि बाजूला अंगठ्याच्या नखाएवढी कापलेली खिडकी. त्या खिडकीत खेळाडूने सामन्यात वापरलेल्या वस्तूचा तुकडा बसवलेला असतो. जर्सीचा, टोपीचा, बॅटच्या लाकडाचा. जमवणारे याला रेलिक कार्ड म्हणतात. अशी कार्डं मोजकीच काढतात आणि प्रत्येकावर त्याचा क्रमांक छापलेला असतो.

मी एकाच खेळाडूची जमवतो. माझ्या शाळेच्या वर्षांत तो भारताकडून नवा चेंडू टाकायचा. आमच्या गल्लीत पहिला रंगीत टीव्ही शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा त्यावर मला सर्वांत आधी दिसला तो त्याच्या पांढऱ्या पँटवरचा लाल पट्टा. उजव्या मांडीवर, चेंडू घासून घासून पडलेला. कृष्णधवल टीव्हीवर तो पट्टा करडा दिसायचा आणि आम्ही त्याला मळ समजत होतो. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली सगळी पोरं टेनिसचा चेंडू चड्डीवर घासायला लागली. त्याने काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नंतर मी सांगलीच्या एका दैनिकात बारा वर्षं उपसंपादक होतो. आता दोह्यात एका कंपनीत मजकूर तपासतो आणि ओल्ड एअरपोर्ट भागात बायको-मुलीसह राहतो. कार्डं दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहेत. मुलीने त्यातलं पांढऱ्या पँटच्या कापडाचं कार्ड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकच प्रश्न विचारला होता : "बाबा, डिड दे वॉश इट?"

चार वर्षांपूर्वी एसी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक शिडीवरून ते कपाट बघत राहिला. हात थांबला होता. मग म्हणाला, "सर, ह्यो तर आपला माणूस." त्याच्याकडे त्याच गोलंदाजाची चार कार्डं होती. तो अंबाजोगाईकडचा. नजमामध्ये पाच जणांच्या खोलीत राहतो आणि कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खाटेखाली ठेवतो. त्या दिवसापासून एसीचं काम निघालं की तो यायचा, आणि काम संपल्यावर आम्ही अर्धा तास कार्डांवर बोलायचो.

त्याला एक कार्ड हवं होतं : त्याच गोलंदाजाचं, पण खिडकीत चेंडूच्या कातड्याचा तुकडा असलेलं. दोह्यात ते एकाकडेच होतं. हे गृहस्थ मूळचे रत्नागिरीचे, बांधकाम कंपनीत इंजिनिअर, वीस वर्षं कतारमध्ये. त्यांचं कंत्राट संपत होतं आणि त्या शनिवारी ते कायमचे परत निघाले होते. त्यांची अट सरळ होती. पांढऱ्या पँटच्या कापडाचं कार्ड द्या, चेंडूचं घ्या.

तसं कार्ड माझ्याकडे होतं. मेकॅनिकने ते मागितलं नाही. मीही देऊ केलं नाही. त्याने पुण्यातला एक विक्रेता शोधला, फोटो मागवला, तो इंजिनिअरना पाठवला आणि त्यांचा होकार घेतला. मी दहा दिवसांच्या रजेवर मिरजेला निघालो होतो. इथून जाणारा आणि इथे येणारा कुणी रिकाम्या बॅगेने प्रवास करत नाही. कुणाची औषधं, कुणाचे दाखले, कुणाच्या आईचा चिवडा. मी पुण्यात उतरून कार्ड ताब्यात घेतलं. दोन्ही बाजू तपासल्या. स्वच्छ होतं. चुंबकाच्या झाकणाच्या पारदर्शक डबीत ते मिरजेच्या घरी रजा संपेपर्यंत माझ्या बॅगेवर होतं.

निघायच्या सकाळी आई दारात म्हणाली, "त्या डबीतल्या कापडाला बोट लावलंय रे."

घरात नवं कापड आलं की ती त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावते, मगच ते अंगावर जातं किंवा कुणाला दिलं जातं. माझ्या प्रत्येक शर्टाला तिने ते लावलेलं आहे. मी "बरं" म्हणालो. रिक्षा उभी होती. ती काय म्हणाली ते मला विमानात बसल्यावर कळलं.

डबी उघडली. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या कापडावर, मसुराएवढा लाल डाग होता. समईत तेल घातल्यानंतरचा हात असणार. कुंकू कोरडं नव्हतं, मुरलेलं होतं. मी ते पुसायचा प्रयत्न केला नाही. सांगायचं वाक्य मात्र तयार केलं : आईकडून चूक झाली आहे, जबाबदारी माझी.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता नजमामधल्या एका कॅफेटेरियात मेकॅनिक मला भेटला. तो कामावरून थेट आला होता. आधी मोरीवर जाऊन हात धुतले, रुमालाने बोटं एकेक करून पुसली, मग डबी घेतली. मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"सर."

"बोल."

"तुम्ही बघितलं का हे?"

मी बोलणार होतो. तो आधी बोलला.

"चेंडूचा डाग हाय. मांडीवरला. पुण्यावाल्यानं फोटूत उजेड लई मारला होता, म्हून दिसला नाही." त्याने डबी दिव्याकडे धरली. "आयला. म्हंजी हे कापड नुसतं त्यानं घातलेलं नाही. ह्याच्यावर त्यानं चेंडू घासलाय."

जमवणाऱ्यांत कोऱ्या कापडापेक्षा गवताचा, मातीचा किंवा चेंडूचा डाग असलेल्या कापडाला मान जास्त असतो. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"आता इंजिनिअर सायबाला म्हणतो, एकावर भागत नाही. तुमच्याकडलं टोपीचं कार्ड बी द्या."

"घाई करू नकोस," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी त्या विषयावर मी बोललेलं वाक्य तेवढंच.

शुक्रवारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी त्याला नजमामधल्या बेकरीसमोरून घेतलं. त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि डबी दोन्ही हातांत मांडीवर धरली. गाडी उत्तरेकडच्या रस्त्याला लागली. मग तो आपणहून सांगायला लागला.

"आमच्याकडं लेदरचा चेंडू कुठला सर. रबरी असायचा. मग मी काय केलं, इटकर घासली पँटीवर, लाल वीट. शाळेची खाकी पँट. मास्तरनं उभं केलं. काय रं हे? म्हणलं, गोलंदाजी करतो. मास्तर म्हणले, गोलंदाजी करतोस का गवंडीकाम करतोस?"

तो हसला. मीही हसलो. पुढच्या एक्झिटच्या आत सांगायचं, असं मी ठरवलं. ती गेली. त्याच्या पुढचीही गेली. तिसरी आमचीच होती.

इंजिनिअरच्या घरी खोकी भिंतीला लावून ठेवली होती. सोफ्यावर प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. मधलं टेबल तेवढं मोकळं. त्यावर दिवा, भिंग, पांढरे सुती हातमोजे आणि चेंडूच्या कातड्याचं कार्ड. मेकॅनिकने त्या कार्डाकडे पाहिलं, हात मात्र पाठीमागेच ठेवले.

"बसा हो, बसा. चहा नाही विचारणार, भांडीच गेली खोक्यात," इंजिनिअर म्हणाले. हातमोजे घातले, डबी उघडली आणि थांबले.

"हा डाग कसला?"

"चेंडूचा, सायेब."

इंजिनिअरनी भिंग घेतलं. ते मिनिटभर डाव्या कोपऱ्यावर धरलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला, एक फोटो मोठा केला आणि टेबलावर ठेवला.

"हा तुम्हीच पाठवलेला. डावा कोपरा बघा. स्वच्छ आहे."

"उजेड लई होता त्याच्यात."

"उजेडाने डाग जात नाही हो. इथे धागा न् धागा मोजता येतोय." ते पुन्हा भिंगावर वाकले. "चेंडूचा रंग घासून लागतो. धाग्याच्या पाठीवर बसतो. हा आत मुरलाय. तेलकट आहे. बोटाने लावल्यासारखा."

त्यांनी डबी बंद केली. चुंबकाचा आवाज झाला.

"वीस वर्षं मी हे बघतोय. फसवायलाच यायचं होतं, तर जरा बरी तयारी करून यायचं."

मेकॅनिक उभा राहिला. "मी लावला म्हणता?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. कार्ड तुम्ही आणलंत."

मेकॅनिक माझ्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता. "सर, तुम्ही सांगा ह्यांना. तुम्ही दिलं तसंच हाय का नाही?"

"तसंच आहे," मी म्हणालो. "डाग माझ्या आईने लावलाय. कुंकू आहे ते."

मी विमानात डबी उघडल्यापासूनचं सगळं क्रमाने सांगितलं. गुरुवारचं सांगताना इंजिनिअर माझ्याकडे बघत होते. मेकॅनिक टेबलाकडे बघत होता.

"फोन लावा आईंना," इंजिनिअर म्हणाले.

मी लावला आणि स्पीकरवर टाकला. मिरजेत सहा वाजून गेले होते.

"आई, त्या डबीतल्या कापडाला तू काय लावलंस?"

"कुंकू. दुसरं काय लावायचं असतंय?"

"का लावलंस?"

"कोरं कापड बाहेर देऊ नये. एवढंसं तरी काय झालं, कापडच की. शिंप्याचा नमुना आहे वाटलं मला." मग तिनेच विचारलं, "कुणाचा सदरा फाडलाय रे तो?"

मी फोन बंद केला.

इंजिनिअरनी हातमोजे काढले. "आमच्याकडेही लावतात," ते म्हणाले. मग मेकॅनिककडे वळले. "मी बोललो ते मागे घेतो. माफ करा."

"असू द्या," मेकॅनिक म्हणाला.

"पण कार्ड मी घेऊ शकत नाही. आता ते कंपनीतून जसं निघालं तसं राहिलेलं नाही."

हे बरोबर होतं. मी म्हणालो, माझ्याकडे याच कापडाचं एक आहे, स्वच्छ आहे. दीड तासात घेऊन येतो, ते घ्या आणि चेंडूचं याला द्या. इंजिनिअर म्हणाले, चालेल, मी साडेसातपर्यंत घरी आहे.

"नको," मेकॅनिक म्हणाला.

"अरे, माझ्यामुळे झालंय."

"झालं ते झालं. तुमचं घालून माझा डबा भरला, तर तो भरला कसा?"

मी पुन्हा म्हणालो. त्याने पुन्हा "नको" म्हटलं. इंजिनिअरनी चेंडूचं कार्ड त्याच्यासमोर सरकवलं, निदान हातात घेऊन बघा म्हणाले. त्याने ते घेतलं नाही. खाली वाकून, हात पाठीमागे ठेवून, खिडकीतला तुकडा नीट पाहिला. मग सरळ झाला.

पाच वाजायला पाच मिनिटं कमी असताना आम्ही बाहेर पडलो. परतताना तो मागच्या सीटवर बसला. अर्ध्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बोलला.

"सर, काल कामून नाही सांगितलं?"

"तू खूश होतास."

"मी सायबाला फोनवरच सांगितलं असतं. कुंकू लागलंय, चालतंय का बघा. ते नाही म्हणले असते. तेवढंच झालं असतं."

सिग्नल सुटला. बेकरीसमोर तो उतरला, दार हळू लावलं आणि खिडकीतून म्हणाला, "शुक्रन, सर." चार वर्षांत आमच्यात हा शब्द आला नव्हता. अरबीतलं हे 'थँक यू' तो गिऱ्हाइकांशी वापरतो.

शनिवारी इंजिनिअर गेले. चेंडूच्या कातड्याचं कार्ड त्यांच्याबरोबर गेलं. रत्नागिरीला पोचल्याचा त्यांचा निरोप आला. त्यात कार्डाचा उल्लेख नव्हता.

मार्चच्या शेवटी उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगसाठी मी मेकॅनिकच्या कंपनीत फोन केला. दुसरा कुणीतरी येईल असं वाटलं होतं. तोच आला. तिन्ही एसी उघडले, जाळ्या धुतल्या, गॅस तपासला. कपाटाकडे पाहिलं नाही. बायकोने चहा ठेवला होता, तो उभ्याने अर्धा प्यायला. मी कार्डाचं विचारलं.

"डब्यात हाय. पाचवं."

"डाग काढलास?"

"नाही."

बूट घालताना त्याने माझ्या आईचा नंबर मागितला. मी कागदावर लिहून दिला. त्याने तो वाचून खात्री केली आणि खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी आईशी बोलणं झालं. तिने सांगितलं, दोह्याहून एका मुलाचा फोन येऊन गेला, बराच वेळ बोलला, अंबाजोगाईचा आहे म्हणाला. काय बोलला, हे मी विचारलं. तिने सांगितलं नाही.