ताईची बोटं आणि वीस एमबी

माझ्या ताईला कोणी मुकी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिला ऐकू येत नाही, हे खरं. पण मुकी? आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस तीच. हातांनी बोलते, भुवयांनी बोलते, आणि माझी चूक सापडली की खांद्यांनीसुद्धा बोलते. पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते म्हणतात. त्यांची तलवार कुठे गेली कोणाला ठाऊक नाही, तापटपणा मात्र आम्हा दोघांना पुरेपूर मिळाला.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. इंदूरमध्ये लग्नाचा व्हिडिओ म्हणजे पाकळ्या, स्लो मोशन आणि गाणी. पेन ड्राइव्ह भरून द्यायचा, फाइल केवढी झाली ते कोणी विचारत नाही. ताई शिवण शिकवते. मध्यंतरी एका संस्थेने तिला विचारलं. सांवेर आणि हातोदकडच्या गावांत ऐकू न येणाऱ्या ज्या मुली घरीच बसून आहेत, त्यांच्यासाठी खुणांच्या भाषेत ब्लाउज शिवायचे धडे करायचे होते. पहिला धडा मुलींना कळला तर पुढचं सगळं काम ताईचं. नाही कळला तर बोलणारी शिक्षिका आणायची, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एडिटिंग माझ्याकडे आलं. अट एकच, फाइल वीस एमबीच्या आत हवी, म्हणजे मुलींच्या घरच्या जुन्या मोबाइलवर ग्रुपमधून पोचेल.

तो धडा मी लग्नासारखाच केला. ताई हौसेने बुट्ट्यांची साडी नेसली, मागे आईचा फुलाफुलांचा पडदा लावला. मी फुल एचडी ठेवलं आणि वर बासरी टाकली. फाइल झाली दोनशे एमबीच्या वर. मग ती वीसमध्ये कोंबायला बसलो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रावर जेवढी माहिती खर्च करायची ती, पार खाली आणली. सेकंदाला तीस चित्रं होती, ती पंधरा केली. फाइल बसली, मी खूश झालो आणि चहा प्यायलो.

ताईने ते मोबाइलवर पाहिलं. मिनिटभरात मोबाइल खाली ठेवला, ओढणी दोन्ही हातांवर ओढून घेतली आणि ओढणीच्या आत बोटं हलवत राहिली. मला वाटलं चिडवतेय. मग तिने ओढणी झटकली आणि हातांनी विचारलं, "कळलं काही? तुझ्या व्हिडिओत मी अशी बोलतेय."

मी पुन्हा पाहिलं. ताई स्थिर उभी असली की चेहरा झकास दिसत होता, पण हात हलले की बोटांची लापशी. पाव इंच म्हणतेय की अर्धा, मला, तिच्या सख्ख्या भावाला, कळत नव्हतं. लाज वाटली, सरळ सांगतो. ज्या धड्यात एक शब्द ऐकायचा नव्हता, त्याला मी बासरी लावली होती. आणि जी थोडीफार माहिती तिच्या बोटांच्या वाट्याला यायची, ती बुट्ट्यांवर आणि पडद्यावरच्या फुलांवर उधळून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पडदा काढला. मागे नुसती निळी भिंत, ताईच्या अंगात गडद एकरंगी कुर्ता. सगळं पुन्हा शूट केलं. आवाज काढूनच टाकला. चित्र लहान केलं, चारशेऐंशीवर आणलं, पण सेकंदाची तीसच्या तीस चित्रं परत घेतली, कारण बोटं त्यांतच बोलतात. एच २६५ नावाचा नवा फॉरमॅट वापरून पाहिला. त्यात फाइल आणखी आटली, पण आईच्या जुन्या मोबाइलवर नुसता काळा पडदा आला. मग मुकाट्याने जुन्या एच २६४ वर आलो, जो कुठल्याही डबड्यावर चालतो. फाइल एकोणीस एमबी झाली. ताईने आईच्याच मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिली आणि मान हलवली. तिच्याकडून एवढं कौतुक म्हणजे खूप झालं.

संस्थेचं ऑफिस सांवेर रोडवर, एका गोदामाच्या वर. तिथले साहेब पुण्याहून आलेले, बोलायला गोड. त्यांनी धडा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला.

"आवाज येत नाहीये," ते म्हणाले.

"आवाज नाहीच आहे, सर."

"अहो, किती भकास वाटतंय! आणि चित्रही अस्पष्ट. हे विश्वस्तांना दाखवायचं कसं? एचडी करा, मागे हलकं संगीत टाका."

"सर, ट्रस्टींना ब्लाउज शिवायचाय का? ये तो उन लड़कियों के लिए है ना!"

"चिडू नका. त्यापेक्षा आपण बोलणाऱ्या शिक्षिका घेऊ आणि खाली अक्षरं टाकू. तुमच्या ताईंनाही उगाच त्रास नको."

ताई शेजारीच बसली होती. काय म्हणाले, असं तिने विचारलं. मी एक शब्द न गाळता खुणांनी सांगितलं, त्रासासकट. तिचे हात एवढ्या जोरात चालले की टेबलावरची पेन्सिल खाली पडली. मी ते साहेबांना ऐकवलं, "ताई म्हणतेय, अक्षरं भराभर वाचता आली असती तर त्या मुली घरी बसल्या असत्या का? त्यांच्याशी आजवर सगळे तोंडानेच बोलत आलेत. मिळालं काय त्यांना?"

आणि मग माझं मी बोललो. "एचडीच पाहिजे असेल तर दुसरा एडिटर शोधा, सर. मी ताईची बोटं पुसणार नाही. हीच फाइल मुलींना पाठवा आणि आठ दिवस थांबा. नाही कळलं, तर तुमच्या नव्या शिक्षिकेला मी स्वतः बासरी लावून देतो. फुकट!"

साहेब नाखुशीनेच हो म्हणाले.

पाच दिवस काही आलं नाही. घरी येऊन मी फुशारक्या मारत होतो, पण दर तासाला मोबाइल उघडून बघत होतो. काम गेलं असतं तर माझ्या हट्टापायी ताईचं गेलं असतं. माझी लग्नं तर चालूच होती.

सहाव्या दिवशी हातोदच्या एका मुलीचा व्हिडिओ आला. आमच्याच जुन्या पडद्याचा भाऊ शोभेल असा फुलाफुलांचा पडदा मागे, खोलीत अंधार, हात धूसर. ताईने चार वेळा पाहिला. तिचा चेहरा उतरला, आणि माझाही. मग ती एकदम हसायला लागली आणि मला अर्थ सांगितला, "ही म्हणतेय, दीदी, गळ्याला आधी पाव इंच सोडा म्हणालात, नंतर अर्धा म्हणालात. मी पावच सोडला, माझा गळा बरोबर बसलाय. तुमचा तपासून बघा."

आम्ही धडा लावला. खरंच. ताईच चुकली होती, आणि मी दहा वेळा पाहूनही मला दिसलं नव्हतं.

मी साहेबांना फोन केला. ते काळजीत पडले. "म्हणजे धड्यात चूक आहे?"

"हो सर, चूक आहे! आणि ती तिला दिसली! पाव आणि अर्धा वेगवेगळे दिसले!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

आजवर नातेवाइकांनी ताईच्या बोलण्यावर नुसत्या माना डोलावल्या. हो हो, छान छान, आणि पुढे वाढायला घ्या. घराबाहेरच्या कोणी तिची चूक काढलेली मला आठवत नाही. आधी कळावं लागतं ना. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

ताईने लगेच कुर्ता बदलला आणि निळ्या भिंतीपुढे उभी राहिली. चुकले म्हणाली, नवं कापड घेऊन पाव इंच सोडून गळा कापून दाखवला. शेवटी कॅमेऱ्याच्या आणखी जवळ आली आणि त्या मुलीला सावकाश, एकेक बोट मोकळं ठेवून बजावलं, "तो पडदा काढ. साध्या भिंतीपुढे उभी राहा. मग माझ्याशी भांड."