अक्कांचं एरंडेल

माझ्या कानाबद्दल औराद तालुक्यात बरंच बोललं जायचं. पाणी उपसायचं डिझेल इंजिन असो की फवारणीचा पंप, मी दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या, हात न लावता बिघाड सांगायचो. ठाणाकुशनूरहून येणारे लोक तर टेम्पोतलं इंजिन खाली न उतरवताच चालू करायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मीही भाव खायचो. डोळे मिटायचो, मान थोडी वाकडी करायचो, उगाच वेळ लावायचो. तीस वर्षं त्या धडधडीत उभं राहिल्यावर कान जातात हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणेन, पण ते खोटं आहे. माझ्या बायकोने सांगितलं होतं. मी तिलाच म्हणालो की तू पुटपुटतेस.

रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या नादाला मला लावलं ते अण्णांनी. अण्णा मूळ चिंताकीचे, बिदरमध्ये त्यांचं औषधाचं दुकान. माणूस हौशी आणि हाताने नाजूक. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या कापून, चिकटवून ते हातभर, दोन हात लांबीची विमानं बनवायचे आणि जनवाड्याच्या पुढे एका पडीक माळावर उडवायचे. इंजिनचं मात्र त्यांना ओ की ठो कळायचं नाही. मला विमानाचं कळत नव्हतं. त्यामुळे आमचं जमलं, आणि सात-आठ वर्षं चांगलं जमलं.

अण्णांची बायको म्हणजे अक्का. चिंताकीच्या शेतात तुरीच्या बांधावर त्यांनी एरंड लावलेले होते. दर वर्षी बिया भाजून, कुटून, मोठ्या पातेल्यात पाण्यात उकळून त्या तेल काढायच्या. वर आलेलं तेल पळीने काढून पुन्हा चुलीवर ठेवायचं, तडतड पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे आत पाण्याचा थेंब राहत नाही. गल्लीतल्या बाळंतिणी त्यांच्याकडचंच तेल नेत. या छोट्या इंजिनांना मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून घालावं लागतं. इंजिन तापलं तरी ते तेल पिस्टनला चिकटून राहतं, जळून जात नाही. अण्णा बाहेरून तेलाचा डबा मागवणार होते. मीच म्हणालो, घरात असलं तेल असताना डबा कशाला. अण्णा ते तलम कपड्यातून दोनदा गाळायचे, आठवडाभर बाटलीत ठेवून वरचं नितळ तेवढं घ्यायचे. सात-आठ वर्षांत एकाही इंजिनने त्या तेलाबद्दल तक्रार केली नाही. हे पुढच्यासाठी लक्षात ठेवावं.

दोन वर्षं खपून अण्णांनी कसरतीचं, म्हणजे हवेत कोलांट्या घेणारं विमान बांधलं. त्याला इंजिन कुठलं, यावर आमचे कितीतरी रविवार गेले. त्यांना मोठं पेट्रोल इंजिन हवं होतं. मी म्हणालो, आपल्याला विमान नांगराला जुंपायचं नाही. पेट्रोल इंजिनचं वजन जास्त, थरथर जास्त, आणि अण्णांचं लाकूड कागदासारखं. चार स्ट्रोकचं इंजिन गोड वाजतं, पण त्याच्या व्हॉल्व्हची कुरबुर दर महिन्याला कोण काढणार. शेवटी दहा सीसीचं दोन स्ट्रोकचं ठरलं. कसरतीला ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागतो भरवसा. नाक आभाळाकडे असो, जमिनीकडे असो, विमान उलटं असो, इंजिनने एका सुरात चाललं पाहिजे. त्यासाठी मी इंधनाची टाकी बरोबर कार्बोरेटरच्या सुईच्या उंचीला बसवली, पुढचा पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा निवडला, इंजिन केसभर उजवीकडे कलवलं. नवं इंजिन रुळावं म्हणून पहिल्या चार टाक्या ते स्टँडवर बांधून, भरपूर इंधन पाजून, मध्ये गार करत चालवल्या. अण्णा शेजारी उभं राहून बघायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, बाळंतपण करावं तसं करायलाव.

उरली सुई. इंजिनला किती इंधन जायचं ते ही सुई ठरवते. ती उघडी असली की आवाज जाड, ओला येतो आणि धूर निघतो. एकेक खटका बंद करत गेलं की आवाज साफ होत जातो, चढतो, आणि अगदी टोकाला त्यावर एक बारीक, धारदार सूर येतो. तो सूर आला की थांबायचं आणि दोन खटके मागे यायचं. तिथेच इंजिन सुखी असतं. सूर ओलांडून आणखी बंद केलं तर इंजिन उपाशी पडतं, तापतं, आणि नेमकं वर चढताना दगा देतं. अण्णांनी पंख्याचे फेरे मोजायचं एक मीटर आणलं होतं. मी त्याला अण्णांचं घड्याळ म्हणायचो. माझ्यासमोर ते वापरायला त्यांना लाज वाटू लागली आणि मीटर डब्यात गेलं.

त्याच सुमारास एका दुपारी मी त्यांच्या परसात कार्बोरेटर साफ करत बसलो होतो. अक्का शेजारी निघाल्या होत्या. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं मला सांगून गेल्या. त्या परत आल्या तेव्हा डाळ करपून कोळसा झाली होती आणि घरभर धूर होता. मी स्वयंपाकघराच्या दारापासून चार हातांवर होतो. कामात गुंग होतो, असं मी म्हणालो. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, मग हसल्या आणि कुकर घासायला घेतला.

ती शिट्टी मला ऐकू आली नव्हती. खरं म्हणजे त्या वर्षी चिमण्याही ऐकू आल्या नव्हत्या, आणि मी स्वतःला सांगत होतो की चिमण्या कमी झाल्या.

मग तो रविवार आला. हैदराबादहून विमानं उडवणारे दोन अनुभवी लोक अण्णांच्या विमानाची कसरत बघायला येणार होते. आवडली तर पुढच्या स्पर्धेत ते अण्णांना आपल्या गटातून उतरवणार होते. अण्णांनी नवा शर्ट घातला होता. अक्का उपमा आणि चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. माळावर लाल धूळ नको म्हणून मी सकाळीच पाणी शिंपडलं होतं.

मी इंजिन चालू केलं आणि सुई बंद करत गेलो. आवाज साफ झाला, चढला. मी त्या बारीक सुराची वाट बघत होतो. एक खटका. सूर नाही. अजून एक. नाही. माझ्या मागे चार माणसं उभी होती आणि माझा कान बघायला आल्यासारखी गप्प होती. मी अजून एक खटका बंद केला. मग सूर आलाय असं मी धरून चाललो, दोन खटके मागे आलो आणि मान हलवली. अण्णांनी विमान उचलून नाक वर करून धरलं. तसं धरून दहा आकडे मोजायचे असतात, त्यात इंजिन दमलं तर कळतं. पाचाच्या आसपास अण्णांचा चेहरा बदलला.

"मिस्त्री, लई कडक वाजायलंय का? मीटर लावून बघावं का एकदा?"

"कान माझा की तुमचा?" मी म्हणालो.

पाहुणे हसले. अण्णाही हसले. मीटर गाडीतच राहिलं.

पहिली तीन मिनिटं विमानाने डोळ्यांचं पारणं फेडलं. मग अण्णांनी ते जमिनीलगत आणलं आणि सरळ वर घातलं. निम्म्या वाटेवर इंजिन अडकलं. पंखा काठीसारखा उभा दिसला. एवढ्या खाली, वेग नसताना विमानाच्या हातात काही राहत नाही. ते क्षणभर थांबलं, नाक खाली केलं आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर आपटलं. दोन वर्षांचं लाकूड अण्णांनी खताच्या पोत्यात भरून आणलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गाडीच्या टपावर इंजिन ठेवून तिथेच उघडलं. पिस्टन कोरडा होता, धुराड्याच्या बाजूला उभे ओरखडे. तेल बिघडलं असतं तर दिसला असता तो चिकट थर नाही, बेअरिंगवर गंज नाही. उपाशी ठेवून मारलेलं इंजिन कसं दिसतं हे मला माझ्या तळहाताइतकं माहीत आहे. त्या ओरखड्यांत माझं नाव लिहिलेलं होतं. मी ते फडक्यात गुंडाळलं आणि म्हणालो, "तेल. घरच्या तेलात पाणी राहिलं असणार."

किती सहज आलं ते तोंडातून. विचार करावा लागला नाही, हे मला अजून टोचतं.

अण्णांनी ते तत्काळ खरं मानलं. माझ्या कानावर त्यांचा विश्वास होता, बायकोच्या चुलीवर नव्हता. पाहुण्यांसमोर ते अक्कांना म्हणाले, "धा टायमाला सांगतो, नीट आटवत जा म्हणून." असं त्यांनी आधी एकदाही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि हे काही मला ऐकू न आल्यामुळे नाही. पाहुणे समजूतदारपणे म्हणाले की घरगुती तेलाचा भरवसा नसतोच. मी मान हलवली. अक्का हातात उपम्याचा डबा धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे सरळ बघून विचारलं.

"खरंच पाणी ऱ्हायलं व्हतं का, मिस्त्री?"

"राहतं कधी कधी," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी अण्णांनी तेलाच्या दोन बरण्या मोरीत ओतल्या. गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. विमान पाडणारं तेल म्हणून लोक गंमत करू लागले. पुढच्या बाळंतिणीच्या सासूने बाजारातून बाटली आणली. अण्णांना राग आला की ते विमानाचं काढायचे आणि अक्का उठून आत जायच्या. हे सगळं मी चहा पीत बघितलं आहे. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर यायचे ते टेम्पोत इंजिन चालू करून माझ्या तोंडाकडे बघणारे लोक. कान गेलेल्या मिस्त्रीकडे कोण येणार. एका बाईच्या तेलाची किंमत देऊन मी माझं नाव राखलं. तेही फार दिवस राखलं गेलं नाही. वर्षभरात दोन डिझेल इंजिनं चुकीची निदानं करून मी बिघडवली, आणि लोकांना जे कळायचं ते कळलं.

अण्णांनी पुढे बॅटरीची मोटर घेतली. तिला सुई नाही, तेल नाही, मिस्त्रीही नाही. मला बोलावणं कमी होत गेलं. शेवटी बायकोने मला ओढत उदगीरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून कानात सूर सोडले. ऐकू आला की बटण दाबायचं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही, म्हणून मी आतून विचारलं की कधी सुरू करणार. बाहेरची मुलगी म्हणाली की संपत आलंय.

कानात यंत्र घालून मी पहिल्यांदा गेलो तो अण्णांच्या घरी. आता सांगायचंच, असं ठरवून गेलो. अण्णा दुकानातून यायचे होते. अक्कांनी दार उघडलं, यंत्राकडे बघितलं आणि आश्चर्य दाखवलं नाही.

"डाळ करपली तवाच कळलं व्हतं मला," त्या म्हणाल्या.

मी उभ्यानेच म्हटलं, "मग त्या दिवशी माळावर कामून बोलला न्हाईत?"

"बोलले की. इचारलं की मी तुमाला."

त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला. पाहुण्यांसमोर माझी इज्जत जाऊ नये म्हणून त्यांनी तेवढाच प्रश्न विचारला होता, आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं.

अण्णा आल्यावर मी सगळं सांगितलं. सुई, ओरखडे, फडकं, सगळं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की जाऊ द्या मिस्त्री, विमान एक ना एक दिवस पडणारच होतं, तुमचं वय झालंय, त्यात तुमचा काय दोष. अगदी मोठ्या मनाने म्हणाले. आणि लगेच मला नवी मोटर दाखवायला उठले. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना ओलांडून जाताना अण्णा काही बोलले नाहीत. बोलायचं काही आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सात-आठ वर्षं त्यांना इंजिनचा आवाज मी शिकवला होता, दुसरं काही ऐकायला मी तरी कुठे शिकलो होतो.

निघताना मी अक्कांना म्हणालो, यंदा तेल काढा, औरादला माझ्या दुकानात ठेवतो, मी स्वतः लोकांना सांगेन.

"कशाचं तेल?" त्या म्हणाल्या. "बांधावरचं एरंड त्याच साली उपटून टाकलं मी."

आत कुकरची शिट्टी झाली. यंत्रामुळे ती फारच मोठी वाटली, आणि मी सवय नसल्यासारखा दचकलो. अक्का गॅस बंद करायला आत गेल्या. मी चपला घातल्या आणि बसस्टँडकडे चालू लागलो.