दंडाचा घेर

सुरतेच्या नवागामात मी ब्लाउज शिवते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मशीन, कपाट आणि मापं घ्यायला पडदा लावलेला एक कोपरा. आमचे हे कापडाच्या लूमवर कामाला जातात. आम्ही मूळचे परभणीकडचे, पण गिऱ्हाइकं सगळीकडची आहेत, धुळ्या-जळगावची, अकोल्याची, दोन-चार गुजराती बेनसुद्धा. पडद्याआड बायका जे बोलतात ते मी पडद्याबाहेर नेत नाही. ही गोष्ट सांगायला मात्र मला परवानगी मिळाली आहे. अट एकच, नाव घ्यायचं नाही.

आमच्या समोर धुळ्याकडचं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी सव्वीस वर्षांची. एका जिममध्ये बायकांची सकाळची बॅच घ्यायची आणि स्वतः बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेची तयारी करायची. आई घरात अहिराणी बोलते. मुलगी माझ्याशी मराठी बोलते, जिममध्ये हिंदी आणि रिक्षावाल्याशी गुजराती. लहानपणी तिचे फ्रॉक मीच शिवले, म्हणून मी तिची काकू.

तिच्या भावाचं लग्न ठरलं आणि ती चार ब्लाउज शिवायला घेऊन आली. दिवाळीनंतर मी माप घेतलं. दंड बारा इंच. अडीच महिन्यांनी ट्रायलला आली तर बाही कोपराच्या वर जाईना. पुन्हा मोजलं, साडेतेरा.

माझा पहिला संशय टेपवर. जुना टेप ताणला जातो आणि माप कमी दाखवतो, म्हणजे दिवाळीत तो खोटं बोलला असणार. नवा टेप आणला. नवा टेप म्हणाला साडेतेरा आणि वर एक दोरा. खात्री करायला मी घरातच दुसरा दंड शोधला. हे जेवत होते.

"जरा हात वर करा," मी म्हटलं.

"कशाला?"

"करा तर."

यांचा दंड साडेअकरा भरला. कुणाशी तुलना चालली आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "टेप खराब आहे." पुढचे दोन दिवस ते पिण्याच्या पाण्याचा कॅन एकदा या हातानं, एकदा त्या हातानं उचलत होते. तिसऱ्या दिवशी खांदा धरला. मग आठवडाभर मी बाम चोळत होते आणि कॅनही मीच उचलत होते.

मी ब्लाउज उसवून बाही मोठी केली. पुढच्या ट्रायलला दंड चौदा. शिवणीत आत दुमडून ठेवलेली सगळी माया संपली. तेव्हा मी विचारलं, "काय खातेस गं तू?"

ती आरशात बघत म्हणाली, "मूग, काकू. मोड आलेले."

ही एक गोष्ट मी पडद्याबाहेर नेली आणि ती चूक झाली. आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या घरांत फडक्यात मूग बांधून टांगलेले दिसायला लागले. मीही खाल्ले, सकाळ-संध्याकाळ. दंड कुणाचाच वाढला नाही. वाढला तो वेगळाच त्रास. त्या दिवसांत माप घेताना मी बायकांना "पोट आत घ्या" म्हणणं सोडून दिलं. पोटाला त्रास न देणंच सगळ्यांच्या हिताचं होतं.

मग तिचा आवाज बसला. बसला म्हणजे खाली गेला आणि तिथेच राहिला. एकदा माझा फोन यांनी उचलला आणि मला हाक मारून म्हणाले, "कुणीतरी भाऊ आहेत, ब्लाउज झाला का विचारतायत." मी फोन घेतला तर ती. तिची आई सकाळी हळद घालून दूध द्यायची, दुपारी ज्येष्ठमध चघळायला लावायची. अकोल्याची शेजारीण मीठपाण्याच्या गुळण्या सांगून गेली, गुजराती बेन ओव्याची पुरचुंडी देऊन गेली. ती सगळ्यांचं ऐकायची आणि जाड आवाजात म्हणायची, "सर्दी आहे." ही सर्दी चार महिने चालली. शिंक एकदाही आली नाही.

हनुवटीवर बारीक काळे केस दिसायला लागले तेव्हा मला काही कळलं नाही असं मी म्हणणार नाही. काहीतरी कळलं होतं. मी वर न बघता खांद्याचं माप लिहून घेतलं.

लग्न कामरेजच्या एका हॉलमध्ये होतं. हळदीच्या दिवशी तिनं मी शिवलेला पिवळा ब्लाउज घातला होता. मी त्याला दुहेरी शिलाई मारली होती आणि मनातल्या मनात देवाला हातही जोडले होते. नवरदेवाला हळद लागत होती, बाहेर ढोल चालू होता. तेवढ्यात स्वयंपाकातलं गॅस सिलिंडर संपलं. भरलेलं सिलिंडर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि आचारी चहाला गेलेले. ती उठली, सिलिंडर उचललं आणि खांद्यावर घेतलं.

ढोलवाल्यानं नेमका त्याच क्षणी श्वास घेतला. त्या शांततेत ब्लाउज पाठीवरून खालपर्यंत फाटला. आवाज असा आला की नवरदेवाच्या मामांना फटाका वाटला.

कुणीतरी तिच्या पाठीवर टॉवेल टाकला. तिनं सिलिंडर खाली ठेवलं नाही, नेऊन जागेवर पोचवलं आणि मग खोलीत गेली. तिची आई मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तुनं माप चुकनं, बाई," ती म्हणाली.

हळद लागलेली तीस माणसं माझ्याकडे वळली. वीस वर्षं मी शिवते, पण असं कधी झालं नव्हतं. माप बरोबर होतं, दंडच दर पंधरा दिवसांनी बदलत होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात खोलीच्या दारातून ती माझ्याकडे बघताना दिसली. मी तोंड मिटलं.

त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या बायका कमी झाल्या. अकोल्याची शेजारीण न कापलेलं कापड परत घेऊन गेली, म्हणाली, नणंदेकडे शिवते. तिला नणंद नाही.

आठ दिवसांनी ती मुलगी दुपारी आली. पडद्याआड गेली आणि आतूनच म्हणाली, "काकू, आत या ना."

मी टेप घेऊन गेले.

"टेप नको," ती म्हणाली. "मी इंजेक्शन घेते."

"सर्दीचं?"

"नाही. अंग भरायचं. जिमच्या सरांनी सुरू केलं. म्हणाले, विटामिन छे, बेन. पहिले दोन महिने मला खरंच तसं वाटलं."

"आणि मग?"

"मग कळलं. पण तोवर दंड आले होते." ती स्टुलावर बसली. स्टूल करकरलं. "पाळी बंद झाली आहे, काकू. तीन महिने. चिडचिड होते. परवा मी मिक्सरवर ओरडले."

"जिममध्ये बाकीच्या पोरी घेतात का?"

"माहीत नाही. आम्ही एकमेकींना विचारत नाही. एकीनं मला विचारलं होतं, तिला मी मूग सांगितले. मी एकीला विचारलं, तिनं मला पनीर सांगितलं." ती हसली आणि मग रडायला लागली. त्या जाड आवाजातलं रडणं बाहेर ऐकू गेलं आणि यांनी पलीकडून विचारलं, "कोण भाऊ आलेत?"

मी यांना दुकानातून दोरा आणायला पाठवलं.

तिला म्हटलं, "आईला सांग."

"तुम्ही चला माझ्याबरोबर."

समोरच्या घरात आई मेथी निवडत बसली होती. मुलीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. आई मेथी निवडायची थांबली.

"सुई? कोन टोचस?"

"सर."

"तो डॉक्टर शे का?"

"नाही."

आईनं हातातली मेथीची जुडी तिच्या दंडावर मारली. मेथी मोडली, दंडाला काही झालं नाही. मग आई भिंतीला टेकली आणि खाली बघत म्हणाली, "तीन महिना मी झोपनू नाही. मी समजनू, तुले दिवस गयात."

पाळी चुकलेली आईच्या लक्षात आली होती. विचारायची हिंमत झाली नाही म्हणून ती नुसतंच हळदीचं दूध देत राहिली. मुलीला वाटत होतं आईला काही कळत नाही. आधी आई हसली, मग मुलगी, मग मी. नंतर आई पदरात तोंड घालून बराच वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी उधन्याला एका डॉक्टर बाईंकडे गेलो. मुलीनं मोबाईलवर बाटलीचा फोटो दाखवला. बाईंनी तो मोठा करून वाचला, हे पुरुषांचं हार्मोन आहे म्हणाल्या, रक्त तपासायला सांगितलं आणि इंजेक्शन बंद करायला लावलं. म्हणाल्या, पाळी येईल, वेळ लागेल. केसही बघू. आवाज मात्र पहिल्यासारखा होईलच असं सांगता येत नाही.

"तुझ्याबरोबर किती जणी घेतात?" त्यांनी विचारलं.

"कसं सांगू? सगळ्या पनीर खातात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्याकडे येतात त्याही पनीरच खातात," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी तिची आई गल्लीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन माझ्या घरी आली. माझं नाव साफ करायचं होतं, पण खरं बोलायला जीभ वळेना. शेवटी म्हणाली, "माप बरोबर व्हतं. पोरच वाढनी."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, लग्नाच्या दिवसांत गोड जास्त होतं. तेव्हा मुलगी दारातून पुढे आली आणि आपल्या खालच्या आवाजात सांगितलं, काय घेतलं, कशासाठी घेतलं, त्यानं काय काय झालं. पाळीचंही सांगितलं.  

अकोल्याच्या शेजारणीनं घसा साफ केला. "म्हणजे मुगानं काहीच होत नाही?"

"पोट साफ होतं, काकू."

"ते झालं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कापड परत घेऊन आली. नणंदेचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मुलीनं स्पर्धा सोडली, जिमही बदललं. पाचव्या महिन्यात पाळी आली तेव्हा तिच्या आईनं शिरा केला आणि कशाबद्दल ते न सांगता आमच्याकडे वाटीभर पाठवला. दंड उतरत गेला. साडेबारा भरला त्या दिवशी ती आरशासमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं बरं वाटत असेल. पण ती म्हणाली, "चौदा असताना मी फार छान दिसायचे, काकू. ते खोटं नव्हतं." दिसायची खरी.

मागच्या महिन्यात तिच्या जुन्या जिममधली एक मुलगी माझ्याकडे आली. बाह्या सैल करून हव्या होत्या.

"कापड आटलंय," ती म्हणाली.

कापड पॉलिएस्टर होतं. पॉलिएस्टर आटत नाही हे सुरतेत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "काही घेतेस का?"

ती मोबाईल बघायला लागली. "नाही हो. पनीर खाते."

मी बाह्या सैल करून दिल्या. देताना सांगितलं, उधन्याला एक चांगल्या डॉक्टर बाई आहेत, कुणाला लागलं तर. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "माझ्या मावशीला बरं नसतं. तिच्यासाठी पत्ता द्या."

मी पत्ता सांगितला. तिनं दोनदा विचारून तो लिहून घेतला.