चोवीस मार्कांचं मौन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर मधेच ठसका लागेल आणि चहा माझ्या अंगावर उडवाल. कारण मी जो गाढवपणा केलाय ना, तसा आमच्या घाटनांदुरात आजवर कुणी केला नसेल. आणि आमच्या गावात गाढवपणा करणाऱ्यांची काही टंचाई नाही, हे मी गावचीच असून सांगते.

तर मी हुशार. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. पहिलीपासून बारावीपर्यंत पहिला नंबर सोडला नाही. दहावीच्या वेळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या किराणा दुकानाच्या पाटीवर माझा एवढा मोठा फ्लेक्स लावला की वर्षभर दुकानाचं नावच दिसत नव्हतं. नवं गिऱ्हाईक पत्ता विचारायचं तर लोक सांगायचे, "ते बघा, पोरीच्या तोंडाचं दुकान."

आणि हुशार माणसाला जो रोग असतो, तो मला भरपूर होता. दुसऱ्याला कमी मार्क पडले की मला त्याची दया यायची नाही, कंटाळा यायचा. "अभ्यास केला असता तर पडले असते की," हे मी तोंडावर सांगायचे. समोरच्या कापड दुकानवाल्या सुलोचनाकाकूंचा वैभव माझ्याच वर्गात. जन्मभर दुसरा. त्याला तर मी माणसातच धरत नव्हते.

पुढं इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. वैभवही गेला, दुसऱ्या कॉलेजात. युनिव्हर्सिटी एकच, पेपर एकच. मजेत होते मी. मग पहिल्या वर्षाचा निकाल मोबाईलवर उघडला, आणि गणितासमोर लिहिलेलं होतं, शंभरपैकी चोवीस. पास व्हायला चाळीस लागतात.

आधी मला वाटलं, शिवानी नावाची दुसरी कुणीतरी बावळट असेल. बैठक क्रमांक पाहिला. बावळट मीच. मग वाटलं, आकडे उलटे पडलेत, बेचाळीस असतील. बेचाळीस! कालपर्यंत ज्या बेचाळीसवाल्याकडं मी ढुंकून पाहिलं नसतं, त्या बेचाळीससाठी मी महादेवाला नवस बोलले. देवानं ऐकलं नाही. तोही हुशार आहे.

मग बाथरूममध्ये जाऊन बादलीत नळ सोडला आणि अशी रडले, अशी रडले की बाहेर पोरी दार बडवायला लागल्या, टाकीतलं पाणी संपलं म्हणून. बाहेर आले तर माझी रूममेट मिसळ खात बसलेली. तिचे तीन विषय उडालेले! तीन! आणि वर मलाच म्हणते, "चल गं, तुझा तर एकच गेलाय, तर्री घे." मला वाटलं, ती तर्री हिच्याच डोक्यावर ओतावी. असल्या माणसांच्या पंगतीला जाऊन बसले मी!

सुट्टी होतीच, घरी निघाले. गाडीत सबंध रस्ता एकच विचार, आप्पांना सांगायचं कसं?

घरी पोचले तर आप्पा गल्ल्यावर, समोर चार गिऱ्हाइकं. मला बघून आप्पांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आल्या पावली पुण्याला परत पळावं.

"आली का शिवे! निकाल लागला म्हणं! किती पडले?"

आता काय सांगावं? खोटं बोलावं तर मार्कांच्या बाबतीत मला खोटं बोलायची सवयच नाही, कधी गरज पडली नव्हती. खरं बोलावं तर ती चार गिऱ्हाइकं कान टवकारून बसलेली. मी नुसते हात जोडले आणि मान खाली घातली.

"कावून बोलत न्हाईस गं? बरं न्हाई का?"

तेवढ्यात आतून आत्या आली. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आमच्याकडंच राहते, आणि दूध नासलं तरी तिला त्यात देवाचा संकेत दिसतो. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं आणि गालावर हात ठेवला.

"आरं, बोलंल कशी? कालच श्रावण लागलाय! मौन धरलंय लेकरानं!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी काय केलं? हो म्हणून मान हलवली. बास! त्या एवढ्याशा मान हलवण्यानं माझं वाटोळं झालं.

"म्हंजे श्रावण सरंपर्यंत बोलायची न्हाई?" आप्पा म्हणाले. "आन् निकाल?"

"आरं, निकालाचं काय इचारतोस? तिचा निकाल काय नवा हाय का?" आत्यानं परस्पर उत्तर दिलं.

खरं सांगू, त्या क्षणी मला आत्याच्या पाया पडावंसं वाटलं. केवढी सोय झाली! महिनाभर गप्प बसायचं, पुण्याला पळायचं, फेरपरीक्षेत गणित काढून टाकायचं, आणि घाटनांदुरात कुणाला चोवीसचा वासही लागायचा नाही. अट एकच, तोंड उघडायचं नाही. आईला तर सुटल्यासारखंच झालं. ती म्हणाली, चला, एक महिना तरी भाजीला नावं ठेवणार नाही कुणी.

पण गप्प बसणं सोपं नसतं हो. विशेषतः माझ्यासारख्या बाईला. रोज कुणी ना कुणी साखर न्यायच्या निमित्तानं यायचं. घरात साखरेचं पोतं असलं तरी यायचं! "शिवानीला किती पडले?" यांना माझ्या मार्कांचं काय लोणचं घालायचं होतं का? ज्यांना स्वतःच्या पोराची इयत्ता विचारली तर बायकोला हाक मारावी लागते, ती माणसं मला टक्केवारी विचारत होती! मनात एकेकाला असलं सुनावलं ना, पण वरून आपलं स्मित आणि जोडलेले हात.

आणि त्यांना काय वाटावं? नम्रता!

"बघा, एवढी हुशार पोरगी, पर निकालाचा एक शबूद तोंडातून काढला न्हाई. न्हाईतर आमचं गण्या, पस्तीस पडले तर हलगी लावून गावभर फिरलं."

आता यावर मी काय बोलणार? बोलायचंच नव्हतं.

पहिल्या सोमवारी आत्यानं मला महादेवाच्या देवळात नेलं, कपाळभर विभूती लावली आणि नंदीजवळ बसवलं. तिथं गल्लीतल्या मंगलवहिनी आल्या, त्यांच्या लेकीचा पेन घेऊन.

"ताई, जरा हात लावा वो याला. उद्या गणिताची चाचणी हाय पोरीची."

गणिताची! सगळ्या देवळात माणसं भरलेली, आणि या बाईला गणितासाठी मीच सापडले! मनात म्हटलं, वहिनी, हा पेन आत्ता माझ्यापासून लांब न्या, पोरीचं भलं होईल. पण सांगू कशी? लावला हात.

ती पोरगी पास झाली. झाली म्हणजे काय, अभ्यास केला असेल बिचारीनं. पण तिच्या अभ्यासाचं नाव कोण घेतंय!

पुढच्या सोमवारी नंदीपासून पायरीपर्यंत रांग. पेन, कंपासपेट्या, गाईडं. एक आजोबा नातवाच्या लायसनची परीक्षा आहे म्हणून ट्रॅक्टरची किल्ली घेऊन आलते. आणि मी, शंभरपैकी चोवीसवाली, विभूती फासून सगळ्यांना आशीर्वाद देतेय! एकालाही वाटू नये की अरे, हिचा निकाल तर विचारा नीट? मोबाईल सगळ्यांच्या खिशात, दिवसभर त्यात डोकं, पण अक्कल? ती शेजारणीकडून उसनी आणायची.

पण मला काय वाटत होतं, तेही सांगते. मला ते आवडायला लागलं होतं. परीक्षा न देता पहिला नंबर! मात्र दुपारी घरात एकटी पडले की भीती गाठायची. मार्क कळतील ही भीती होतीच, पण त्याहून मोठी दुसरीच होती. वाटायचं, मी हुशार नसेनच मुळी, आणि इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून चूक केली असेल. मग फार रडू यायचं. रडायलासुद्धा आवाज न करता रडावं लागायचं, मौन होतं ना!

असं करत शेवटचा सोमवार आला. संध्याकाळी देवळात उपास सोडायची पंगत. आप्पा वरणाची बादली घेऊन वाढत होते, मधून मधून माझ्याकडं बघून खूश होत होते. मी नंदीजवळ, पुढ्यात पेनवाल्या बायांची रांग, हाताखाली मंगलवहिनींच्या लेकीची कंपासपेटी. एवढी एक पंगत उठली की सुटले!

तोच "शरणार्थ, शरणार्थ" असा सगळ्यांना नमस्कार करत सुलोचनाकाकू आल्या. हातात पेढ्यांचा पुडा. मागं वैभव, त्याच दिवशी सकाळी पुण्याहून आलेला, खांबाचा रंग नखानं खरवडत उभा.

"घ्या, समदे तोंड गोड करा! आमचा वैभव गणितात अख्ख्या युनिव्हर्सिटीत पयला आला!"

"आगं बया! किती पडले वो?" मंगलवहिनींनी विचारलं.

"बावीस!"

पंगतीतल्या एकानं घास खाली ठेवला.

"शंभरात?"

"आवो, पेपरच तसला निघालता! प्रोफेसर लोकांना बी सुटंना झालता. बावीसच्या वर सबंध युनिव्हर्सिटीत एक माणूस न्हाई. वैभवनंच सांगितलं मला."

काय थाप मारलीय पठ्ठ्यानं! मी महिनाभर विभूती फासून बसले, माझ्या डोक्यात हे आलं नाही! मी वैभवकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. बिचाऱ्यानं आईच्या पाठीमागं हळूच हात जोडले, डोळ्यांनी विनवलं, बाई, गप्प बस.

आणि बरं का, मला सगळं कळलं होतं. मी बावळट असले तरी एवढी नाही. ही थाप त्याच्यापेक्षा माझ्याच जास्त कामाची होती! पेपर अवघड निघाला, सगळी युनिव्हर्सिटी बुडाली, हे काकू स्वतःच्या खर्चानं पेढे वाटून गावाला पटवत होत्या. पुढं कधी माझे मार्क कळले असते तरी कुणी भुवई उंचावली नसती. मला करायचं काय होतं? काही नाही. महिनाभर जे करत होते तेच. तोंड बंद.

काकू माझ्यापाशी आल्या. माझ्या हातावर पेढा ठेवला. डोक्यावरून हात फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांत काय होतं सांगू? दया! माझ्याबद्दल! सुलोचनाकाकूंना!

"आमच्या शिवानीचा बी ह्योच पेपर हुता," त्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दहावी-बारावीला काय, कुणीबी येतंय पयलं. खरी हुशारी हितं कळती. बिचारी कावून गप हाय ते आता ध्यानात आलं. ऱ्हाऊ दे बाई, वैभवपातूर पोचली नसशील, पर मनाला लावून घेऊ नगंस."

वैभवपातूर पोचली नसशील! मी! वैभवपातूर!

"पोचली न्हाई काय?" मी उठूनच उभी राहिले. "चोवीस हायत मला! चोवीस! कशाचा पयला? दुसरा हाय त्यो! आतापन दुसराच हाय!"

महिनाभराचा साठलेला आवाज तो. गाभाऱ्यात घुमला. घंटेला हात घातलेला माणूस तसाच थांबला. आत्या "मौन... मौन मोडलं गं..." करत मटकन खाली बसली. वैभवनं कपाळ खांबाला टेकवलं. मंगलवहिनींनी माझ्या पुढ्यातली कंपासपेटी ओढून घेतली आणि पदरानं खसाखसा पुसायला लागल्या. रांगेतल्या बाकीच्या बायांनीही पेन पाठीमागं लपवले.

आप्पा बादली घेऊन तसेच माझ्याजवळ आले. कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, "शिवे, चोवीस म्हंजे पास का नापास गं?"

"नापासच हाय आप्पा," मी म्हणाले, "पर वैभवच्या वर हाय!"

आणि हे मी मान ताठ करून सांगितलं.